एक ग्रॅमचं गंठण

"मॅडम, सोनं मोडावं का जमीन काढावी?"

कर्जापायी माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या बायका बहुतेक वेळा इथूनच सुरुवात करतात. नवऱ्याची दोन-तीन क्रेडिट कार्डं, दर महिन्याला पैसे भरूनही न हलणारा आकडा, वसुलीवाल्यांचे फोन, आणि घरात त्याबद्दल तोंडातून चकार शब्द नाही. हा प्रश्न इतक्यांदा आलाय की एका घराची हकिकत सांगते. ओळख लागू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

लातूरचं कुटुंब. नवरा एका अनुदानित शाळेत लिपिक. शाळेत लिपिकालाही सगळे सरच म्हणतात, म्हणून मीही सरच म्हणत गेले. अख्ख्या शाळेची पगारबिलं 'शालार्थ' या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर बिनचूक लावणारा माणूस. पतसंस्थेचा हप्ता कापून हातात ४१,००० रुपये. औसा तालुक्यात दोन एकर कोरडवाहू, वडील कसतात. मुलगी बारावीला. लातुरात राहून नीटचा क्लास न लावणं म्हणजे लेकरावर अन्याय, असं इथली हवाच सांगते. पहिलं कार्ड त्या फीसाठी घासलं गेलं. मग सोयाबीनची पट्टी खर्चालाही पुरली नाही, वडिलांचं डोळ्याचं ऑपरेशन आलं, आणि एका कार्डाचे पैसे दुसऱ्या कार्डावरून भरणं सुरू झालं.

पहिल्या भेटीत मीच चुकले. महिन्याचा घरखर्च किती, असं विचारून बसले. ताईंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, चेहरा पडला. "तेल मी मोजून काढते मॅडम. दोन वर्षं झाली, लुगडं घेतलं नाही." कर्जाचा हिशोब मी तिच्या स्वयंपाकघरापासून सुरू केला होता, आणि बाईला त्यात आरोपच ऐकू येतो. आता मी ती वही सगळ्यात शेवटी उघडते.

सरांना विचारलं, एकूण किती असेल? "दीडएक लाख." पुढच्या वेळी सगळी स्टेटमेंटं घेऊन या म्हटलं. ती घरात नव्हतीच. शाळेच्या कपाटात, जुन्या पगारपत्रकांच्या फाइलीत ठेवलेली. तिघांनी बसून बेरीज केली. कार्डं १,१२,०००, ८६,००० आणि ४७,००० ची. मोबाइलमधल्या कर्जाच्या ॲपचे ३८,०००. एकूण २,८३,०००. सरांनी ती बेरीज तीनदा केली. लिपिकाची बेरीज चुकत नाही, पण त्या दिवशी ती चुकावी असं त्यांना वाटत होतं.

मग त्यांना सगळ्यात मोठ्या कार्डाचं गणित मांडायला लावलं. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे १,१२,००० वर ३,९२० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ७०६ रुपये. झाले ४,६२६. स्टेटमेंटवर 'मिनिमम ड्यू', म्हणजे कमीत कमी भरायचेच, ५,६००. म्हणजे सर दर महिन्याला इमानेइतबारे ५,६०० भरत होते आणि मुद्दल फिटत होतं ९७४ रुपये. त्याच कार्डावर किराणा तीन हजारांचा. शिवाय मागची बाकी पूर्ण भरली नसेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. किराण्यावर खरेदीच्या दिवसापासूनच व्याज. तिन्ही कार्डांचं मिळून व्याज आणि कर महिन्याला दहा हजारांवर. "मी तर एकही महिना चुकवला नाही," सर म्हणाले. तेच तर. मिनिमम भरणाऱ्याला आपण कर्ज फेडतोय असं वाटतं. तो फक्त दंड आणि बोभाटा टाळत असतो.

ताई इतका वेळ गप्प होत्या. मग गळ्याला हात लावून म्हणाल्या, "हे एक ग्रॅमचं आहे."

सरांना कळलंच नाही. खरं गंठण आठ महिन्यांपूर्वीच एका सराफाकडे गेलं होतं. ६०,००० रुपये, शेकडा तीन, आणि पावती म्हणून साधी चिठ्ठी. त्यातून किराणावाल्याची उधारी आणि मुलीच्या क्लासचे राहिलेले पैसे दिले, घरात सांगितलं भावानं दिले. महिन्याचं १,८०० व्याज फॉल-पिकोच्या कमाईतून जात होतं. बचत गटाचे वीस हजार वेगळेच. तो तिला त्रास नको म्हणून लपवत होता, ती त्याला टेन्शन नको म्हणून. एकाच छताखाली दोन चोरखाती.

त्या दिवशी सरांशी पाच मिनिटं एकट्यानं बोलले. कर्जाच्या प्रत्येक केसमध्ये मी हे सरळ विचारते, आपल्या भागात तर विचारल्याशिवाय सोडतच नाही: जीव नकोसा वाटतो का? ते खाली बघून म्हणाले, "एकदा वाटलं होतं." विचारल्यानं तो विचार डोक्यात येत नाही, उलट माणूस थोडा मोकळा होतो. त्यांच्या परवानगीनं ताईंना सांगितलं, आणि टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दोघांच्याही मोबाइलमध्ये घातला. तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत.

आता मूळ प्रश्न. जमीन काढू नका, हे मी स्पष्ट सांगितलं. तीन-चार लाखांच्या कर्जापायी गेलेला तुकडा पुन्हा होत नाही. सोनंही मोडायचं नाही. पण महागडं कर्ज स्वस्त कर्जानं फेडता येतं. ताईंकडे माहेरच्या चार तोळ्यांच्या पाटल्या होत्या. सरकारी बँकेत सोनेतारण वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास. कार्ड तेवढं तीन महिन्यांत खातं. मात्र इथं मी नेहमी थांबते, कारण सोनं ठेवून कार्डं फेडायची आणि कार्डं खिशातच ठेवायची, म्हणजे वर्षभरात दोन्ही कर्जं डोक्यावर. अशी घरंही पाहिली आहेत. आणि पाटल्या ताईंच्या. त्या द्यायच्या की नाहीत, हे मी सांगणार नाही, सरांनीही मागायच्या नाहीत.

ताई आठवडाभरानं आल्या त्या अटी घेऊनच. कर्जखातं त्यांच्या नावावर. पगाराचा मेसेज त्यांच्याही मोबाइलवर. कार्डं त्या स्वतः कापणार, माझ्यासमोर. (कात्री फॉल-पिकोचीच होती.) पाटल्यांवर कर्ज काढून आधी गंठण सोडवलं आणि तेही बँकेत तारण ठेवलं. २,९६,००० मध्ये दोन मोठी कार्डं, ॲप आणि सराफ मिटले. तिसऱ्या कार्डाची बाकी बँकेनं अठरा हप्त्यांत करून दिली. आधी मिनिमम आणि सराफाच्या व्याजात जे चौदा हजार जात होते, तेवढेच आता भरायचे. अडीच वर्षांत मोकळे. गटाचे वीस हजार फॉल-पिकोतून.

मधल्या काळात मिनिमम भरणं थांबलं, तसा वसुलीवाला सेटलमेंटचं सांगत होता, एक लाख बाराचं सत्तर हजारांत मिटवू. हातात काहीच उरलं नसेल त्यानं जरूर विचार करावा. पण सिबिलच्या पतअहवालात 'सेटल्ड' असा शेरा बसतो, आणि मुलीच्या शैक्षणिक कर्जाला बापच सहकर्जदार लागणार होता. म्हणून नाही म्हटलं. तोच माणूस रात्री नऊला फोन करायचा, एकदा मुख्याध्यापकांनाही केला. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करता येत नाही, चारचौघांत बदनामी तर नाहीच. सरांनी तारीख-वेळेसह बँकेला लेखी तक्रार दिली. तीस दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ, असंही लिहिलं. फोन थांबले.

वडिलांना अजून सांगितलेलं नाही. मी आग्रह धरला नाही. यंदाच्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, शेतात सांगू म्हणाले होते, आंबील पिऊन परत आले.

परवा सरांचा फोन आला, आवाज चढलेला. "मॅडम, बाकी शून्य करून कार्ड बंद करायचा अर्ज दिला. नियमानं सात कामाच्या दिवसांत बंद व्हायला पाहिजे, नाहीतर बँकेला दिवसाला पाचशे दंड. ती मुदत संपून आज चार दिवस झाले. चार दिवसांचे दोन हजार निघतात. पत्र तयार केलंय, वाचून दाखवू? 'उपरोक्त विषयास अनुसरून...'"

मागून ताईंचा आवाज आला, "अहो, आधी त्या मॅडमला जेवू तर द्या."