अफगाणिस्तानात वीस वर्षे परदेशी मदत मिळूनही सक्षम पोलीस दल का उभे राहिले नाही?

मुख्य कारण असे की, गुन्ह्याचा तपास करणारे पोलीस घडवण्याऐवजी तालिबानशी लढणारे दुय्यम सैनिक तयार केले गेले. २००२ मध्ये जर्मनीने ही जबाबदारी घेऊन काबूलच्या अकादमीत अधिकाऱ्यांसाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रम आखला. अमेरिकेला तो वेग फार संथ वाटला आणि तिने काही आठवड्यांच्या प्रशिक्षणावर शिपायांना नाक्यांवर उभे केले, त्यांतील बहुतेकांना लिहिता-वाचताच येत नसल्याने फिर्याद नोंदवणार कोण, हा प्रश्न तसाच राहिला. अफगाणिस्तानच्या पुनर्बांधणीवरील खर्च तपासणाऱ्या अमेरिकी विशेष महानिरीक्षकांच्या अहवालांत याची सविस्तर मांडणी आहे. पगारातील गळती मला या अपुऱ्या प्रशिक्षणाहून व निरक्षरतेहून घातक वाटते: २००९ मध्ये वर्दक प्रांतात पगार रोखीऐवजी थेट मोबाईलवर जमा होऊ लागला, तेव्हा काही शिपायांना आपली पगारवाढच झाली असे वाटले, कारण तोवर वरिष्ठ अधिकारी त्यातला वाटा परस्पर काढून घेत होते. मात्र यावरून ते शिपाई भेकड होते असे कृपया समजू नये. तुटपुंज्या शस्त्रांनिशी दूरच्या चौक्या सांभाळताना त्यांच्यापैकी हजारो जण मारले गेले, आणि अनेक वर्षी त्यांची जीवितहानी सैन्याहूनही अधिक होती.