एपोबी मोजण्याआधी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. यकृतातून व्हीएलडीएल, म्हणजे रक्तातून मेद वाहून नेणारे कण, किती बाहेर पडतं ते शोधायचं आणि त्यासाठी त्या कणांचं मुख्य प्रथिन असलेल्या एपोबीचा एमआरएनए (प्रथिन बनवायला सांगणारा जनुकाचा संदेश) मोजायचा, असं तू लिहिलं आहेस. तिथेच जरा थांब. या प्रथिनाच्या बाबतीत एमआरएनए फार थोडं सांगतो. यकृतपेशी एपोबी-१००, म्हणजे एपोबीचं पूर्ण लांबीचं रूप, सतत बनवत असते. त्यातलं किती पेशीबाहेर पोचतं आणि किती आतच मोडीत निघतं, खरा फरक तिथे पडतो.

एपोबी-१०० म्हणजे ४,५३६ अमिनो आम्लांची एकच लांबलचक साखळी, आणि तिचे मोठमोठे भाग पाणी न सोसणारे. प्रथिन बनवणाऱ्या रायबोसोमवर अर्धीमुर्धी तयार असतानाच ती एंडोप्लास्मिक रेटिक्युलम या पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्याच्या आत शिरू लागते आणि एमटीपी हे प्रथिन तिला तिथेच मेद पुरवतं. मेद वेळेवर मिळाला तर लहानसा कण आकार घेतो. नाही मिळाला तर साखळी पडद्यात अडकते, तिला युबिक्विटिन ही मोडीची खूण चिकटते आणि प्रोटिएझोम, पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र, तिचा फडशा पाडतं. हेपजी२ या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी यकृतपेशींना ओलिक आम्ल (एक मेदाम्ल) दिलं की बाहेर येणारं एपोबी वाढतं, एमआरएनए मात्र होता तेवढाच राहतो.

हे स्वतःच्या डोळ्यांनी बघ. पेशींना थोडा वेळ किरणोत्सारी गंधक असलेलं मिथिओनिन दे, मग साधं मिथिओनिन घाल आणि ठरावीक अंतराने पेशी व वरचं माध्यम वेगवेगळं काढ. प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी करणारं जेल कमी टक्क्यांचं घे, नाहीतर एवढं मोठं प्रथिन खाचेतून खालीच उतरत नाही. पेशींमधला पट्टा फिका होत जाईल, पण तिथून जेवढं गेलं तेवढं माध्यमात उगवणार नाही. हिशोबातली ही तूटच तुझा विषय आहे. हेपजी२ची एक खोड मात्र लक्षात ठेव: त्या पेशी कणात पुरेसा मेद भरत नाहीत, त्यामुळे बाहेर येणारे बरेचसे कण एलडीएलच्या, म्हणजे कमी मेदाच्या जास्त घन कणांच्या, घनतेचे असतात. अस्सल व्हीएलडीएल हवं तर प्राथमिक, म्हणजे थेट यकृतातून काढलेल्या, यकृतपेशी वापर.

लहान कणात ट्रायग्लिसराइड या मेदाचा मोठा साठा नंतर भरला जातो. तो नेमका कुठे भरतो यावर अजून वाद आहे, त्यात आत्ता पडू नकोस. पुढे पेशीतली गॉल्गी, मग यकृतपेशी आणि रक्तवाहिनी यांच्यामधली डिसेची पोकळी, आणि तिथून रक्त.

उंदरांवरच्या प्रयोगात रक्तातलं ट्रायग्लिसराइड एकदाच मोजून स्रावाबद्दल बोलू नकोस. रक्तात जे दिसतं ते आलेलं वजा गेलेलं. उपाशी उंदराला टायलोक्सापॉल देऊन रक्तातलं ट्रायग्लिसराइड फोडणारं लायपोप्रोटीन लायपेज बंद पाड, मग काही तास ट्रायग्लिसराइड सरळ रेषेत चढतं. त्या रेषेचा उतार म्हणजे स्रावाचा वेग. सोबत एपोबीही मोज. दर कणात एपोबी एकच असतं, म्हणून ट्रायग्लिसराइड वाढलं आणि एपोबी वाढलं नाही, तर कण जास्त झालेले नाहीत, फुगलेत. आणि उंदराच्या रक्तात एपोबी-४८, म्हणजे एपोबीचं आखूड रूप, दिसलं की ते आतड्यातलंच, असं धरून चालू नकोस. माणसाचं यकृत ते बनवत नाही, उंदराचं बनवतं. या एका गोष्टीवर भलेभले घसरतात.

आराखड्यात तू ‘स्राव कमी होणे हितकारक’ असं बिनधास्त लिहिलं आहेस. कुणाच्या हिताचं? अबीटालायपोप्रोटिनिमिया या आनुवंशिक आजारात एमटीपीच निकामी असतं, हे १९९२ मध्ये उघड झालं. त्या रुग्णांच्या रक्तात एपोबी असलेले कण जवळपास नसतात, पण आतड्यात मेद साचतो, ई जीवनसत्त्व शरीरात पोचत नाही आणि मज्जासंस्थेची हानी होते. एमटीपीला रोखणारं लोमिटापाइड हे औषध अमेरिकेत २०१२ मध्ये मंजूर झालं. ते एलडीएल चांगलं उतरवतं, पण यकृतात मेद साठवतं. टीएम६एसएफ२ या जनुकातल्या एका बदलाने हृदयविकाराचा धोका घटतो आणि यकृतातला मेद वाढतो. उलट, इन्सुलिन एरवी व्हीएलडीएलचा स्राव आवरतं, पण इन्सुलिनला दाद न देणाऱ्या यकृतात तो आवर सुटतो आणि मोठे, मेदाने गच्च भरलेले कण बाहेर पडत राहतात.

तेव्हा ते वाक्य काढ आणि यकृतातला मेद मोजण्याचा रकाना वाढव. त्यासाठी प्रत्येक उंदराच्या यकृताचा तुकडा त्याच दिवशी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून उणे ८० अंशांवर ठेव. सुधारलेला आराखडा पाठव, मग जेलचं बोलू.