'सी आय टू आय'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की 'वी डोन्ट सी आय टू आय ऑन धिस' (यावर आमचं एकमत नाही) हे मराठीत कसं आणायचं, 'डोळ्याला डोळा' वगैरे चालेल का. अजिबात नको! 'रात्रभर डोळ्याला डोळा नाही' म्हणजे झोप लागली नाही, आणि 'डोळ्याला डोळा भिडवला' म्हणजे थेट आव्हान, सहमतीच्या बरोब्बर उलटं.

गंमत म्हणजे मुळातही यात सहमती नव्हतीच. हा शब्दप्रयोग इंग्रजीत रुजला तो १६११च्या किंग जेम्स बायबलमधून, म्हणजे बायबलच्या इंग्रजी भाषांतरातून, त्यातल्या 'यशया' या पुस्तकाच्या ५२व्या अध्यायातून. तिथे पहारेकरी सियोनला (म्हणजे जेरुसलेमला) परत येणाऱ्या देवाला बघतात, आणि मूळ हिब्रू 'अयिन ब-अयिन'चा अर्थ समोरासमोर, अगदी स्वतःच्या डोळ्यांनी बघणं असा आहे. हेच हिब्रू शब्द बायबलच्याच 'गणना' या पुस्तकाच्या १४व्या अध्यायात येतात तिथे त्याच भाषांतरात 'फेस टू फेस' लिहिलंय. म्हणजे एकमत वगैरे अर्थ नंतर चिकटला, आणि आता तर तो बहुतेक वेळा 'डोन्ट' लावूनच ऐकू येतो.

आपल्याकडे याला सरळ 'पटणं' आहे की. फक्त एक काळजी घ्या, 'आमचं पटत नाही' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं यांचं कायमचंच वाकडं आहे, सासू-सुनेचं असतं तसं, त्यामुळे मतभेद एका मुद्द्यापुरता असेल तर 'या बाबतीत आमचं एकमत नाही' किंवा 'त्याचं हे मला पटत नाही' असं लिहा. आणि कायमचंच वाकडं असेल तर मग ३६चा आकडा आहेच, ३ आणि ६ शेजारी लिहून बघा, दोघं पाठीला पाठ लावून बसलेत. उलटवून ६३ केलं की समोरासमोर. डोळ्यांच्या सगळ्यात जवळ जाणारं आपल्याकडे हेच, माझ्या मते.

होकारार्थी वाक्य असेल तर 'सूर जुळले', 'तारा जुळल्या' छान बसतं. पण बाकीचे शब्द जपून वापरा, कारण मराठी माणसाला दोघांचं जमलं की आधी संशयच येतो बहुतेक. 'संगनमत' घ्या, शब्दात नुसतं एकत्र येऊन मत ठरवणं आहे पण आज त्याचा वास कटाचा. 'साटंलोटं' तसंच, 'गूळपीठ' जरा कमी. 'री ओढणं' म्हणजे दुसरा म्हणेल तेच पुढे म्हणत राहणं. आणि 'मम म्हणणं' तर भारीच, पूजेत गुरुजी अख्खा संकल्प सांगतात आणि यजमान समजो न समजो 'मम' म्हणून मोकळा, मीटिंगमध्ये साहेबांपुढे आपण करतो ते तेच. बातमीत 'दोन्ही पक्षांचं एकमत झालं'च्या जागी कुणी 'संगनमत झालं' लिहिलं तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागेल 😄