चवळीचं बी धरायचं ते शेंग बघून की झाड बघून?

तुमचा प्रश्न असा: वेलीची चवळी लावली, वेल मांडवभर पसरला, पाला काळाभोर, पण शेंगा मोजक्याच आणि त्याही लगेच निबर होतात, तर खत कमी पडतंय का? आणि शेवटी जाता जाता लिहिलंय, "या वेळी सगळ्यात लांब शेंग बियाला राखली आहे, पुढच्या वेळी जात सुधारेल ना?"

खताचं आधी सांगून टाकते. कमी नाही, जास्त पडलंय. चवळी आपलं नत्र मुळांवरच्या गाठींतून आपण कमावते. एखादा वेल ओल्या मातीतून हलक्या हाताने उपटा आणि मुळावरची गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल दिसली तर गाठी कामावर आहेत. पांढरट, हिरवट असतील किंवा गाठीच नसतील, तर तुमच्या युरियाने त्यांना घरी बसवलंय. दुसरी शक्यता दिवसाच्या लांबीची. जुन्या वेली चवळ्यांपैकी पुष्कळ अशा आहेत की दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय फुलावर येत नाहीत, मोठ्या दिवसांत नुसत्या पसरतात. 'पुसा दोफसली' ही जात मात्र दोन्ही हंगामांत येते. पुसा फाल्गुनी आणि फिलिपिन्सहून आलेली लांब शेंगेची चवळी यांच्या संकरातून ती काढली, आणि नावातच तिचा गुण आहे. निबर शेंगेला मात्र तुम्हीच जबाबदार. दाणा बाहेरून फुगलेला दिसला की तोडा चुकला समजा. एक दिवसाआड तोडायची.

आता त्या लांब शेंगेबद्दल. हे वाक्य वाचलं आणि मला माझा थोरला भाऊ आठवला, म्हणून एवढं लिहायला बसले.

दादा आणि मी एकाच बियाची चवळी शेजारशेजारच्या वाफ्यांत लावायचो. दर हंगामात दादा मांडवाखालून मान वर करून फिरायचा आणि सगळ्यात लांब शेंगेला लाल दोरा बांधायचा. "ही राणी. हिला कुणी हात लावायचा नाही." राणी मग वेलावरच वाळायची. शिवणाची टेप लावून तो माप घ्यायचा. एका वर्षी ती सदुसष्ट सेंटिमीटर भरली, तर वहिनीला दोनदा हाक मारून दाखवली. पुढच्या हंगामात सगळा वाफा राणीच्या बियाचा.

मला वहीत लिहायची खोड आहे. वेलांना नंबर दिले होते. प्रत्येक तोड्याला कुठल्या वेलाच्या किती शेंगा, हे लिहायचे आणि दर तोड्यातल्या वीस शेंगा मोजायचे. तीन हंगामांनंतर दादाच्या वाफ्यातल्या शेंगेची सरासरी लांबी होती अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. पहिल्या हंगामात? तीही अठ्ठेचाळीस. तीन राण्या होऊन गेल्या, प्रजा होती तिथेच. वर वहीत आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती दादाला अजून पटलेली नाही. राणी तीनपैकी दोन वेळा कमी शेंगांच्या वेलावर निघाली होती. साहजिक आहे. खाणारी तोंडं कमी, म्हणून एकीच्या वाट्याला जास्त आलं. म्हणजे दादा वर्षानुवर्षं निवडत होता तो कमी शेंगांचा वेल, आणि समजत होता की लांबी निवडतोय.

यात नवीन काही नाही. डेन्मार्कमध्ये विल्हेल्म योहानसेन नावाच्या माणसाने 1903 साली हेच घेवड्याच्या दाण्यांवर दाखवून दिलं. एकाच झाडाच्या वंशातले मोठे दाणे वेगळे पेरले, लहान वेगळे पेरले, आणि पुढच्या पिढीत दोघांची सरासरी सारखीच निघाली. कारण आपलंच परागण आपण करणाऱ्या पिकाच्या एका शुद्ध वंशात जो लहानमोठेपणा दिसतो तो ऊन, पाणी, जागा यांचा असतो. बियात तो उतरत नाही. चवळी याच जातकुळीतली आहे. फूल उमलायच्या आधीच तिचं काम उरकलेलं असतं.

मी हे दादाला सांगितलं. नको त्या वेळी सांगितलं, पाहुण्यांसमोर. तो म्हणाला, "मग तू करून दाखव ना सुधारणा. वही घेऊन बसल्याने शेंग लांब होत नाही."

झालं. मी संकर करायचा ठरवला. एका बाजूला आमची जांभळट शेंगेची लांब वेली चवळी, दुसऱ्या बाजूला एक बुटकी, झुडपी, हिरव्या आखूड शेंगेची, मांडव न लागणारी आणि लवकर फुलावर येणारी. दोघींचं चांगलं एकत्र आणायचं. पहिल्या वर्षी मी पहाटे उठून फुलांशी झटले. चवळीचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं, एवढं वाचलं होतं. चिमट्याने पाकळी बाजूला सारायची, आतले दहा पुंकेसर (नऊ जोडलेले, एक सुटा) काढायचे आणि दुसऱ्या फुलाचा पराग कुक्षीवर लावायचा. चाळीस फुलं केली. अकरा शेंगा धरल्या. मी हवेत!

बी पेरलं. सगळ्याच्या सगळ्या जांभळट वेली उगवल्या, हुबेहूब आईसारख्या. दादा वाफ्यात उभा राहून बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "बाई, यात तुझं काय आहे?"

माझं काहीच नव्हतं. दोन चुका झाल्या होत्या. एक, चवळीचा पराग मध्यरात्रीच्या सुमारासच फुटतो. मी पहाटे पुंकेसर काढत होते तेव्हा लग्न लागून गेलं होतं. दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. वेलीपणा आणि जांभळा रंग हे दोन्ही गुण वरचढ असतात, आणि मी तीच आई घेतली. त्यामुळे संकर झाला असता तरी पोर आईसारखंच दिसलं असतं, आणि नसता झाला तरीही. पहिल्या पिढीत ओळखायचं कशावरून?

दुसऱ्या वर्षी बुटकी, हिरवी आई घेतली. काम संध्याकाळी. उद्या उमलणारी कळी ओळखता येते: फुगलेली, टोकाशी रंग उतरून पिवळसर झालेली. तिच्या सरळ कडेला सुईने चीर द्यायची, वरची पाकळी मागे दुमडायची, होडीसारख्या खालच्या पाकळीचं टोक उघडून पुंकेसर एकेक मोजून काढायचे. दहा म्हणजे दहा. नऊच निघाले तर ती कळी खुडून टाकायची, मोह धरायचा नाही. मग पाकळी परत मिटवायची आणि त्या दांडीवरच्या बाकीच्या कळ्या काढून टाकायच्या. सकाळी वेलीचं ताजं फूल तोडून, त्याच्या पाकळ्या सोलून, परागाने माखलेलं टोक कुक्षीवर टेकवायचं. पन्नास कळ्यांतून चार शेंगा धरल्या, बाकी फुलगळ. दांडीशी मधाच्या ग्रंथी असतात, मुंग्या तिथे सदा हजर. चिमटा धरलेल्या हाताला त्या दिवसांत इतक्या चावल्या की बोटं सुजली होती.

त्या चार शेंगांचे अठ्ठावीस दाणे पेरले. नऊ झाडं बुटकी, हिरवी, म्हणजे फसलेली. एकोणीस मात्र वर चढायला लागली, आणि शेंगेच्या टोकावर जांभळी झाक. मी दादाला अंघोळीआधी ओढत नेलं. त्याने एक शेंग हातात धरली, टेप न लावता नजरेनेच मोजली आणि म्हणाला, "आखूड झाली की गं."

पहिल्या पिढीत शेंग मधल्याच लांबीची येते, हे त्याला कोण सांगणार. खरी गंमत दुसऱ्या पिढीत, जिथे सगळं विस्कटतं. मी एकशे ऐंशी झाडं लावली. वेली, बुटकी, अर्धवट चढणारी, हिरवी, जांभळी, दोरासारखी चिवट, लोण्यासारखी मऊ. त्यांतून सहा झाडं ठेवली. लांबी बघितलीच नाही. फुलावर लवकर कोण आलं, एका दांडीवर दोनच्या जागी तीन-चार शेंगा कोण धरतंय, आणि शेंग मोडल्यावर कट्कन तुटते की शीर लोंबते, एवढंच. प्रत्येक झाडाचं बी वेगळ्या पुडीत, पुढे प्रत्येक पुडीची वेगळी ओळ. ज्या ओळीत भावंडं एकमेकांसारखी दिसेनात, तिथे पुन्हा निवड. पाचव्या-सहाव्या पिढीला ओळी स्थिर झाल्या. आज माझ्याकडे आहे ती कंबरेएवढी, मांडव न लागणारी, पस्तीस सेंटिमीटर शेंगेची चवळी. वेलीपेक्षा शेंग आखूड आहे, कबूल. पण झाडामागे साठेक शेंगा मिळतात. दादाच्या वेलाला तेवढ्याच दिवसांत पंचवीस. हे आकडे माझ्या वाफ्यातले आहेत, तुमच्याकडे वेगळे येतील.

म्हणून तुम्हाला सांगते, ती राखलेली शेंग आजच तोडा. जात सुधारणार नाहीच, उलट वेलावर शेंगा वाळायला ठेवल्या की वेलाला वाटतं काम संपलं, आणि पुढची फुलं कमी होतात. तुमच्या मोजक्या शेंगांमागे हेही एक कारण असणार. बी धरायचं तर दोरा वेलाच्या बुडख्याला बांधा. तोडे चालू असतानाच मोजणी करा, चार-पाच चांगले वेल ठरवा आणि ते अख्खे बियासाठी सोडा. त्यांची भाजी विसरा.

आता दादाच्या बाजूचंही लिहिते, नाहीतर वहिनी वाचून फोन करेल. तुमचं बी सरमिसळ असेल, म्हणजे चार जणांकडून आलेलं, दाण्याचे रंग वेगळे, तर त्यात निवडीला वाव आहे, आणि तिथे दादाची राणी चुकूनमाकून खरी राणी निघूही शकते. दुसरं म्हणजे, चितकबऱ्या, सुरकुतल्या पानांचं रोप दिसलं की दादा क्षणात उपटतो. मी माझ्या सहातल्या एकावर दया केली होती, शेंगा फार सुंदर होत्या. माव्याबरोबर येणारे काही मोझॅक विषाणू चवळीच्या बियातूनही पुढे जातात. पुढच्या वर्षी ती ओळ रोपं असतानाच चितकबरी झाली. त्या बाबतीत दादा बरोबर आणि मी मूर्ख.

तिसरं, निवडीने मिळतं ते मुळात असलेल्यातलंच. शेंग पोखरणाऱ्या मारुका अळीचं घ्या. नायजेरियातल्या इबादानच्या आयआयटीए या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेकडे चवळीचे पंधरा हजारांवर नमुने आहेत, तरी लागवडीच्या चवळीत या अळीला पुरेसं तोंड देणारं काही सापडलं नाही. शेवटी जिवाणूतलं जनुक घालून वाण करावा लागला आणि नायजेरियाने 2019 मध्ये त्याला परवानगी दिली. तेव्हा अळीला न बधणारी चवळी परसात निवडून काढीन, असं म्हणू नका. पोखरलेली फुलं-शेंगा रोज वेचा.

गेल्या हंगामात दादाच्या वाफ्यात लाल दोरा दोन ठिकाणी दिसला. एक नेहमीसारखा शेंगेला, दुसरा एका वेलाच्या बुडाशी, मातीलगत. मी काही विचारलं नाही.

राहिलं साठवणीचं. भुंगेरा शेतातच वाळत्या शेंगेवर अंडी घालून ठेवतो, त्यामुळे स्वच्छ दिसणारं बीही डब्यात भोकं पाडून घेतं. शेंग पिवळी पडून सुकली की लगेच काढा, दाणे दाताखाली कडक वाजेपर्यंत वाळवा आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत अगदी तोंडापर्यंत भरा, आत हवेला जागा नको. हवा संपली की भुंगेरा आपोआप मरतो. मध्येच झाकण उघडून बघू नका.