गेममधली वस्तू ब्लॉकचेनवर असली म्हणजे ती खरंच आपली होते का?

तुम्ही लिहिलंय की तुमचा भाचा इथेच नागपुरात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि एका ब्लॉकचेन गेममधली (म्हणजे वस्तू कुणाची याची नोंद कंपनीच्या नव्हे, अनेक संगणकांवरच्या सामायिक वहीत ठेवणाऱ्या गेममधली) पात्रं घ्यायला तुमच्याकडे 40 हजार रुपये मागतोय. ‘कंपनी बुडाली तरी वस्तू माझ्याच नावावर राहील’ हे त्याचं म्हणणं. त्याच्या खोलीवरची मुलं मात्र या सगळ्याला फसवणूक म्हणतात. मामानं कुणाचं ऐकायचं, हा तुमचा प्रश्न.

पैसे देऊ नका. पण भाच्याला वेड्यातही काढू नका, कारण त्याला जे खुपतंय ते खरं आहे. मी परसोडीच्या आयटी पार्कात सर्व्हर आणि डेटाबेस सांभाळायचं काम करतो आणि शाळेपासून ऑनलाइन गेम खेळत आलोय. या वादात दोन्हीकडची मंडळी एकमेकांचं अर्धंच ऐकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी भाच्याची बाजू. 2 सप्टेंबर 2020 ला केंद्र सरकारनं पबजी मोबाइलवर बंदी घातली आणि 30 ऑक्टोबरला भारतातले सर्व्हरही बंद झाले. त्या गेममधल्या पोशाखांवर, बंदुकांच्या स्किनवर (रंगरूपावर) आपल्याकडच्या पोट्ट्यांनी खरे पैसे घातले होते. ते सगळं एका फटक्यात हाताबाहेर गेलं. पुढे जुलै 2021 मध्ये पबजीचा भारतीय अवतार बीजीएमआय आला तेव्हा जुन्या खात्यातलं सामान ठरावीक मुदतीत नव्या गेममध्ये हलवायची सोय दिली गेली. ज्यांनी वेळेत हलवलं त्यांचं वाचलं. हे सामान हललं ते कंपनीनं दार उघडलं म्हणून. ब्लॉकचेनचा त्यात काहीही संबंध नव्हता.

दुसरं उदाहरण बंदीचंही नाही. यूबीसॉफ्टचा ‘द क्रू’ हा 2014 चा गाड्यांच्या शर्यतीचा गेम लोकांनी पैसे मोजून विकत घेतला होता. 31 मार्च 2024 ला त्याचे सर्व्हर बंद झाले आणि एकट्यानं गाडी फिरवायलासुद्धा तो उरला नाही. आपण जे ‘विकत घेतो’ ते बहुतेक वेळा नुसता वापरण्याचा परवाना असतो, आणि तो परत घ्यायचा अधिकार करारातच लिहिलेला असतो. याचा राग यायलाच हवा. मलाही येतो.

इथेरियम या मोठ्या ब्लॉकचेनचा जनक व्हिटालिक ब्युटेरिन यानं स्वतःच्या ओळखीत असाच एक किस्सा लिहिलाय. 2007 ते 2010 च्या काळात तो वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट खेळायचा. एके दिवशी कंपनीनं त्याच्या लाडक्या वॉरलॉकच्या, म्हणजे जादूगार पात्राच्या, एका मंत्रातली मारक ताकदच काढून टाकली. तो रडत झोपला, आणि सगळी सूत्रं एकाच मालकाच्या हाती असली की काय होतं हे त्याला त्या दिवशी कळलं. ब्लॉकचेन गेमची बाजू घेणारे हा किस्सा आवर्जून सांगतात. मला त्यातून उलटंच दिसतं. त्याचा वॉरलॉक इथेरियमवर असता तरी तो मंत्र वाचला नसता.

का, ते सांगतो. साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, काय असतं? एक क्रमांक, तो कुणाच्या वॉलेटच्या पत्त्यावर आहे याची नोंद, आणि बहुतेक वेळा एक दुवा. 2018 पासून इथेरियमवर एनएफटीसाठी (एकेका वस्तूच्या मालकीच्या अशा नोंदीसाठी, हिलाच टोकन म्हणतात) जो ईआरसी-721 नावाचा साचा रूढ झाला, त्यात मुळात इतकंच आहे. चित्र बहुधा दुसरीकडेच ठेवलेलं असतं. तलवारीचा घाव किती बसतो, घोडा किती पळतो, अमुक पात्र अमुक नकाशात चालतं की नाही, हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवरचा कोड ठरवतो. कंपनीनं त्या कोडातला एक आकडा बदलला की साखळीवरची नोंद जशीच्या तशी राहते आणि वस्तू मात्र निकामी होते.

नागपूरकराला हे समजायला फार वेळ लागू नये. मानेवाडा, बेसा, हुडकेश्वरकडे कित्येकांच्या हाती प्लॉटची रजिस्ट्री होती, पण लेआउट नियमित झालेला नव्हता, सुधार प्रन्यासचं आरएल, म्हणजे रिलीज लेटर, नव्हतं. मग नकाशा मंजूर होत नाही, बँक कर्जाला उभं करत नाही. रजिस्ट्री खोटी नव्हती, पण तेवढ्यावर घर उभं राहत नव्हतं. गेममध्ये साखळी तुम्हाला रजिस्ट्री देते, आरएल मात्र कंपनीकडेच राहतं. आणि प्रन्यासनं दिलेलं आरएल सहसा कुणी परत मागत नाही, गेम कंपनीला मात्र तेवढंही बंधन नाही.

हे झालेलंही आहे. ‘एफ1 डेल्टा टाइम’ नावाचा ब्लॉकचेन गेम होता. 2019 मध्ये त्यातली एक गाडी 415.9 इथरला (इथर हे इथेरियमचं चलन), म्हणजे तेव्हाच्या भावानं 1 लाख डॉलरहून जास्तीला विकली गेली. मार्च 2022 मध्ये फॉर्म्युला वनच्या नावाचा परवाना संपला आणि गेम बंद झाला. कंपनीनं बदल्यात दुसऱ्या गेममधल्या वस्तू देऊ केल्या, पण ज्या गेमसाठी ती गाडी घेतली तो राहिला नाही. टोकन अजूनही गाडी घेणाऱ्याच्याच नावावर असेल. चालवायचं कुठे?

‘ही वस्तू दुसऱ्या गेममध्ये नेता येईल’ असंही भाचा म्हणत असेल. त्याला विचारा, दुसऱ्या गेमवाल्यानं ती का घ्यावी? त्याला ती पुन्हा कोरावी लागेल, हालचाल बसवावी लागेल, आपल्या खेळाचा तोल सांभाळावा लागेल, आणि पैसे गेले पहिल्या कंपनीला. दोन कंपन्यांचं पटलं तर हे साध्या डेटाबेसनंही होतं. पटलंच नाही तर साखळी त्यांना भाग पाडू शकत नाही.

आता बाजाराबद्दल. काउंटर-स्ट्राइक या गेममधल्या स्किनचा बाजार 2013 पासून ब्लॉकचेनशिवाय चालू आहे आणि एकेक चाकू लाखो रुपयांना जातो. ऑक्टोबर 2025 मध्ये हा गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्हनं एकच नियम बदलला: पाच लाल दर्जाच्या स्किन देऊन चाकू किंवा हातमोजे मिळवता येतील. चाकूंचे भाव एका दिवसात धाडकन कोसळले. या स्किन साखळीवर असत्या तरी हेच झालं असतं, कारण भाव टिकून होता तो चाकू दुर्मिळ असण्यावर, आणि दुर्मिळता कंपनीच्या हातात होती.

इथवरचं फक्त मालकीचं झालं. मला खरी चीड आहे ती ‘खेळा आणि कमवा’ या प्रकाराची, आणि तुमचा भाचा त्याच वाटेला निघालाय असं वाटतं.

ॲक्सी इन्फिनिटी हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव. स्काय मेव्हिस या व्हिएतनामी कंपनीचा हा गेम 2021 मध्ये, कोविडच्या काळात, फिलिपिन्समध्ये वणव्यासारखा पसरला. सुरुवात करायला तीन ॲक्सी प्राणी विकत घ्यावे लागत आणि तेजीच्या दिवसांत त्यांची किंमत शेकडो डॉलर होती. ज्यांच्याकडे तेवढे पैसे नव्हते ते दुसऱ्याचे प्राणी घेऊन खेळत आणि कमाईतला वाटा मालकाला देत. या व्यवस्थेचं नाव ‘स्कॉलरशिप’. मला हे नाव ऐकवत नाही. मालक ॲप उघडत नाही, गडी दिवसभर खेळतो, वाटा मालकाला जातो; आपल्याकडे याला बटईच म्हणतात.

याचं गणित भाच्यासोबत बसून नीट मांडा, कारण प्रत्येक नव्या गेममध्ये ते थोड्याफार फरकानं तेच असतं. खेळून एसएलपी नावाचं टोकन मिळे. रोज लाखो लोक खेळत, म्हणजे रोज नवं टोकन तयार होत राही. ते खपायचं कुठे? मुख्यतः नवे प्राणी जन्माला घालण्यात. आणि नवे प्राणी कुणाला हवेत? नव्यानं येणाऱ्याला. म्हणजे जुन्या खेळाडूची कमाई नव्याच्या खिशातून येत होती, आणि नवा येणं मंदावलं की सगळं खाली. तसंच झालं. जुलै 2021 मध्ये 30 सेंटच्या वर गेलेलं एसएलपी वर्षभरात एका सेंटच्याही खाली आलं. पोटासाठी खेळणाऱ्यांचा पगार असा विरून गेला.

त्यात मार्च 2022 मध्ये दरोडा पडला. ॲक्सीच्या रोनिन साखळीवर व्यवहार मंजूर करायला 9 पैकी 5 किल्ल्या पुरेशा होत्या. चोरट्यांनी त्या पाच मिळवल्या आणि 1,73,600 इथर आणि 2 कोटी 55 लाख यूएसडीसी (डॉलरच्या भावाला बांधलेलं टोकन) काढून नेले, एकूण 60 कोटी डॉलरच्या वर. चोरी 23 तारखेची, कंपनीला कळली 29 ला. एफबीआयनं पुढे उत्तर कोरियाच्या लाझारस या हॅकर गटाकडे बोट दाखवलं. ‘कुणा एकाच्या हाती सत्ता नाही’ असं सांगणाऱ्या व्यवस्थेत नऊ किल्ल्या होत्या, आणि त्यातल्या चार कंपनीच्याच होत्या.

खेळाचं काय होतं, हे तर साखळी नसतानाही कळून चुकलं होतं. ब्लिझार्डनं 2012 मध्ये डायब्लो 3 मध्ये खऱ्या पैशांचा लिलाव बाजार उघडला. राक्षस मारून चांगली वस्तू मिळवणं हा त्या गेमचा प्राण, आणि लोक ती वस्तू सरळ विकत घेऊ लागले. मार्च 2014 मध्ये कंपनीनं तो बाजार स्वतःहून बंद केला. 2024 मध्ये आमच्या कॅन्टीनमध्येही काही पोट्टे टेलिग्रामवरच्या हॅमस्टर कॉम्बॅटवर जेवता जेवता बोट आपटत बसायचे. एकाच्याही तोंडून मी ‘मजा येते’ असं ऐकलं नाही. सगळे 26 सप्टेंबरच्या टोकन वाटपाची वाट बघत होते, आणि ते झाल्यावर त्यांच्या फोनवर तो गेम दिसला नाही.

खोलीवरची मुलं चिडतात ती यामुळे. यूबीसॉफ्टनं डिसेंबर 2021 मध्ये क्वार्ट्झ नावाची एनएफटी योजना आणली तेव्हा खेळाडूंनी ती डोक्यावर घेतली नाही, पायदळी तुडवली. स्टॉकर 2 च्या कंपनीनं त्याच महिन्यात एनएफटी जाहीर केले आणि एक-दोन दिवसांत मागे घेतले. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानानं ऑक्टोबर 2021 पासून असे गेम ठेवायचं बंद केलं, माइनक्राफ्टनं जुलै 2022 मध्ये दार लावलं. एपिकनं मात्र आपल्या दुकानात त्यांना जागा ठेवली.

पण चिडणाऱ्यांच्या एका मुद्द्यात आता दम उरलेला नाही. ‘यानं वीज किती जळते’ हे 2021 मध्ये इथेरियमबद्दल खरं होतं. 15 सप्टेंबर 2022 ला इथेरियमनं नोंदी पक्क्या करायची पद्धत बदलली आणि विजेचा वापर 99 टक्क्यांहून जास्त घटला. आजही जो वीजेवरून भांडतो त्याला भाचा सहज हरवेल, आणि मग बाकीचंही आपलंच खरं असं त्याला वाटेल.

दुसरं, सगळेच असे गेम पैशांसाठी नसतात. 2020 चा डार्क फॉरेस्ट बघा. त्यात नुसती नोंद साखळीवर नाही, खेळाचे नियमच साखळीवर आहेत, आणि शत्रूला तुमचे ग्रह दिसू नयेत म्हणून झीरो-नॉलेज पुराव्यांचं (गुपित न उघडता ते खरं असल्याचं पटवणारं) गणित वापरलंय. नियम कुणा एकाच्या सर्व्हरवर नसल्यामुळे लोकांनी स्वतःची साधनं त्यावर बांधली. हे मला मनापासून आवडतं. साखळीचा वेग पाहता अशा पद्धतीनं पबजी चालणार नाही, संथ डावपेचांचे खेळ चालतील. पण ज्याला कुतूहल आहे त्यानं इथे यावं. त्याचा कोड खुला आहे आणि वाचायला एक रुपया लागत नाही.

आणि ज्या तक्रारीवरून भाचा निघाला तिचं खरं काम वेगळीकडेच चाललंय. ‘द क्रू’ बंद झाल्यावर रॉस स्कॉट यानं ‘स्टॉप किलिंग गेम्स’ मोहीम उभी केली. विकलेला गेम बंद करताना तो खेळता येईल अशा स्थितीत सोडा, एवढीच मागणी. युरोपीय संघातल्या अर्जावर जुलै 2025 पर्यंत 10 लाखांच्या वर सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून, परवानाच देत असाल तर तसं स्पष्ट सांगा, असा कायदा लागू आहे. आपल्या ग्राहक चळवळीनं हा विषय हाती घ्यावा असं मला फार वाटतं.

राहिला आपल्याकडचा हिशेब. एनएफटी आणि टोकनच्या नफ्यावर 1 एप्रिल 2022 पासून 30 टक्के कर आणि वर उपकर आहे, एका टोकनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, आणि जुलै 2022 पासून व्यवहारावर 1 टक्का टीडीएस कापला जातो. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर बंदी आणली. ‘लावलेले पैसे’ यात विकत घेतलेली नाणी आणि टोकनही धरली आहेत. शिक्षा चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. प्रत्येक ब्लॉकचेन गेम त्यात बसेलच असं नाही, पण चालवणाऱ्यानं उद्या भारतातलं दुकान गुंडाळलं तर भाच्याची पात्रं कुठे विकणार?

त्याला नाही म्हणण्याआधी त्याच्याकडूनच तीन गोष्टी काढून घ्या. टोकनमधला दुवा उघडून चित्र आणि माहिती कुणाच्या सर्व्हरवर आहे ते दाखवायला सांगा. करारात ‘आम्ही कधीही बदलू वा बंद करू शकतो’ हे कलम कुठे आहे ते शोधायला सांगा. आणि कमाई शून्य झाली तरी तो गेम रोज खेळशील का, हे विचारा. गेमचं नाव इथे खाली लिहिलंत तर त्याचा करार आणि टोकनचा कोड मी स्वतः वाचून सांगेन.