वाचक विचारतात : मध्य-पृथ्वी कानांनी, नकाशा डोळ्यांनी

प्रश्न : टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या तीन खंडांतल्या अद्भुत कादंबरीचा पहिला खंड लोकलमध्ये जाता-येता ऐकायला घेतला. सुरुवातीची प्रकरणं मजेत गेली, पण रिव्हेंडेलच्या सभेत कोण बोलतंय आणि कुणाविषयी बोलतंय, काहीच लागेना. शिक्षण मराठी माध्यमातून झालं आहे. माझं इंग्रजी कमी पडतंय का?
– एक वाचक, बदलापूर

उत्तर : इंग्रजीचा दोष थोडा, प्रकरणाचा जास्त. 'द कौन्सिल ऑफ एलरॉन्ड' हे या खंडातलं सर्वांत लांब प्रकरण. ऐकायला दीड तासाहून अधिक वेळ लागतो आणि त्या सगळ्या वेळात कुणी जागचं हलत नाही. एकेक जण आपली हकीकत सांगतो. त्या हकिकतीत तो दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं सांगतो. जादूगार गॅन्डाल्फ दुसऱ्या जादूगाराचे, सारुमानचे, शब्द सांगतो, मग जुन्या काळचा राजा इसिल्डुर याने लिहून ठेवलेला मजकूर वाचून दाखवतो. छापील पानावर अवतरणचिन्हं हात धरतात, कानाला ती ऐकू येत नाहीत. म्हणून हे प्रकरण घरी बसून आधी वाचावं आणि मग ऐकावं. पहिल्या भागातलं दुसरं प्रकरण, 'द शॅडो ऑफ द पास्ट', याच जातीचं आहे. त्यालाही हाच उपाय. या खंडात 22 प्रकरणं आहेत. उरलेल्या 20 प्रकरणांना कान पुरतो, त्यांच्यासाठी पुस्तक उघडून बसण्याची गरज नाही.

गोंधळाचं दुसरं मूळ नावांत आहे. मुख्य खलनायक साउरॉन आणि जादूगार सारुमान ही दोन वेगळी पात्रं. गाडीच्या खडखडाटात ती एक होतात. पुढे एओमेर, एओविन, एओमुंड अशी रांगच लागते. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर नावं देवनागरीत लिहा आणि प्रत्येकापुढे तीन-चार शब्दांत ओळख द्या. उच्चारांचे नियम टॉल्किनने परिशिष्ट 'ई'मध्ये दिले आहेत. एल्फांच्या भाषांतल्या नावांत 'सी' या अक्षराचा उच्चार नेहमी 'क' होतो, आणि 'एयू' या जोडीचा 'आउ'. त्यामुळे पानावर आपण 'सेलेबॉर्न' वाचतो आणि निवेदक 'केलेबॉर्न' म्हणतो. मग हा नवा कोण आला, असं वाटत राहतं. निम्मी हरवाहरवी अशीच होते.

नकाशा मात्र ऐकण्याच्या आधीच पाहावा. ऑडिओबरोबर तो बहुधा मिळत नाही, आणि खिशात मावणाऱ्या आवृत्तीत इतका बारीक छापलेला असतो की अक्षर लागत नाही. त्याचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा आणि पाच ठिकाणांवर खुणा करा : हॉबिटन, ब्री, रिव्हेंडेल, मोरिया, लोथलोरियेन. हॉबिटन ते रिव्हेंडेल प्रवास पूर्वेकडे होतो. मग मंडळी धुक्याच्या डोंगररांगेच्या पश्चिम अंगाने दक्षिणेकडे निघतात आणि मोरियाच्या भुयारांतून रांगेच्या पूर्वेला बाहेर पडतात. एवढं डोक्यात पक्कं असलं की वाटेतल्या ओढ्या-टेकड्यांची नावं निसटली तरी बिघडत नाही.

ॲपमधला स्लीप टायमर मिनिटांवर न लावता 'प्रकरण संपेपर्यंत' या पर्यायावर ठेवा. झोप लागली तरी दुसऱ्या दिवशी शोधाशोध करावी लागत नाही. वेग 0.9 ठेवायला लाज वाटू देऊ नका. 1.25 वर टॉल्किन ऐकणाऱ्यांना आम्ही हटकणार नाही, पण त्याची निसर्गवर्णनं त्या वेगात केवळ यादी होऊन जातात.

प्रश्न : निवेदक कुणाचा घ्यावा? मित्राने दिलेली 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची ध्वनिफीत एकूण 13 तासांत संपते. ती पूर्ण आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. तुमच्याकडे बहुधा बीबीसीचं 1981 मधलं नभोनाट्य आहे. ते मुळात अर्ध्या-अर्ध्या तासाच्या 26 भागांत प्रसारित झालं आणि नंतर एकेक तासाच्या 13 भागांत बांधलं गेलं. इयन होम नायक फ्रोडो, मायकल हॉर्डर्न गॅन्डाल्फ आणि बिल नाय फ्रोडोचा सोबती सॅम. नाटक म्हणून ते उत्तम आहे, पण टॉम बॉम्बाडिल या पात्राचा सगळा भाग त्यात गाळला आहे. त्याच्यासोबत मूळ पुस्तक उघडून बसलात तर दर पाच मिनिटांनी पानं चाळावी लागतील.

पूर्ण वाचनं दोन प्रसिद्ध आहेत. रॉब इंग्लिसचं 1990 मधलं आणि अँडी सर्किसचं 2021 मधलं. इंग्लिसचा पहिला खंड सुमारे 19 तासांचा, सर्किसचा साडेबावीस तासांच्या आसपास. इंग्लिस आजोबांसारखा सांगतो, गाणी चालीवर म्हणतो, आवाज फारसा बदलत नाही. सर्किस प्रत्येक पात्राला वेगळा आवाज देतो. चित्रपटांत गोलम त्यानेच साकारला होता, त्यामुळे ती पानं त्याच्याच तोंडून ऐकावीत. संवादांत बोलणारा ओळखू येत नसेल तर सर्किस घ्या. सलग तीन-तीन तास ऐकायची सवय असेल तर इंग्लिस कमी थकवतो. आमचं मत इंग्लिसकडे झुकतं.

कुठलीही ध्वनिफीत पूर्ण आहे की संक्षिप्त, हे ताडायला एक ढोबळ हिशेब आहे. इंग्रजी निवेदक मिनिटाला साधारण 150 शब्द वाचतो, म्हणजे तासाला 9000. पुस्तकाच्या शब्दसंख्येला 9000 ने भागा. तासांचा आकडा त्याच्या निम्म्यावर असेल तर कात्री लागली आहे.

प्रश्न : मराठी अनुवाद हातात धरून इंग्रजी ध्वनिफीत ऐकली तर चालेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : एकाच वेळी नको. मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीचं मध्येच. डोळा कर्त्यावर असताना कान क्रियेपाशी पोचलेला असतो, आणि दोन-तीन वाक्यांतच दोघांची फारकत होते. मुग्धा कर्णिक यांच्या 'स्वामी मुद्रिकांचा' या अनुवादातलं एक प्रकरण रात्री वाचा आणि तेच प्रकरण सकाळी इंग्रजीत ऐका. पानांचे आकडे जुळवत बसू नका, प्रकरणाचं नाव हीच खूण धरा. दुसऱ्या खंडापर्यंत बऱ्याच जणांना हा आधार नकोसा होतो. तेव्हा खुशाल सोडा.

प्रश्न : संदर्भग्रंथ पहिल्याच वेळी जवळ ठेवावेत का? दुसऱ्या खंडात काळाचा पत्ता लागत नाही.
– एक वाचक, पुणे

उत्तर : वेन हॅमंड आणि क्रिस्टिना स्कल यांचा 2005 मधला 'रीडर्स कम्पॅनियन' प्रकरणवार टिपांचा ग्रंथ आहे. तो दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवा, कारण टिपा पुढच्या घटनांचा उल्लेख सहज करून जातात. कॅरन विन फॉन्स्टाडच्या 'ॲटलस ऑफ मिडल-अर्थ'मध्ये प्रवासाच्या वाटा आणि मुक्काम आखलेले आहेत. म्हणजे कोण कुठवर पोचणार हे चित्रातच फुटतं. तोही नंतर.

काळाचं कोडं मात्र पुस्तकाच्या रचनेतच आहे. दुसऱ्या खंडाचा पहिला अर्धा भाग ॲरागॉर्न आणि मंडळींचा, दुसरा फ्रोडो-सॅमचा, आणि दोन्ही साधारण त्याच दिवसांत घडतात. तिसरा खंड पुन्हा मागे जातो. ऐकणाऱ्याला वाटतं, एकापुढे एक चाललंय. परिशिष्ट 'बी'मध्ये तारखा आहेत : रिव्हेंडेलहून प्रस्थान 25 डिसेंबर, सोबत्यांची फाटाफूट 26 फेब्रुवारी. दोन रकाने आखा, डावीकडे ॲरागॉर्नची बाजू, उजवीकडे फ्रोडोची, आणि ऐकून झालेल्या प्रकरणापुरतीच तारीख भरा. पुढची ओळ झाकून ठेवा, कारण शेवट तिथे उघडा लिहिलेला आहे. 10 मार्चपाशी आलात की फळ मिळतं. फ्रोडो ज्या दिवशी मॉर्गुल या शत्रूच्या ठाण्यातून सैन्य बाहेर पडताना पाहतो, त्याच दिवशी ॲरागॉर्नच्या बाजूला, गॉन्डॉर आणि रोहन या राज्यांत, सूर्य उगवत नाही. ऐकताना या दोन घटनांच्या मध्ये कित्येक तास जातात.

प्रश्न : आठवीतल्या मुलीला सी. एस. लुइसची 'नार्निया' ही पुस्तकमालिका ऐकवायचीय. कुठल्या पुस्तकापासून?
– एक पालक, मडगाव

उत्तर : 1950 मध्ये आलेल्या 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब'पासून. नव्या संचांवर 'द मॅजिशियन्स नेफ्यू'ला पहिला क्रमांक असतो, पण ते 1955 चं आहे आणि कपाटाचं गुपित आधीच सांगून टाकतं. सात पुस्तकांच्या एका पूर्ण संचात निवेदक सात आहेत. मायकल यॉर्क, केनेथ ब्रॅना, पॅट्रिक स्टुअर्ट ही त्यातली नावं. आवाज दर पुस्तकाला बदलेल, हे तिला आधी सांगा.

प्रश्न : पैसे न देता काय ऐकता येईल?
– एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : लिब्रिवॉक्स या संकेतस्थळावर स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं स्वयंसेवकांनी वाचलेली असतात आणि त्यांचा मजकूर प्रोजेक्ट गुटेनबर्ग या ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावर मिळतो. दोन्ही फुकट, त्यामुळे कान आणि डोळे एकत्र चालवण्याच्या सरावाला हीच जागा योग्य. जॉर्ज मॅक्डोनाल्डच्या 'द प्रिन्सेस अँड द गॉब्लिन'पासून (1872) सुरुवात करा. प्रकरणं छोटी आहेत, भाषा सोपी. ई. आर. एडिसन या लेखकाचं 'द वर्म ऑरोबोरस' नावावर भुलून आधी घेऊ नका, त्याची इंग्रजी मुद्दाम जुन्या वळणाची आहे. एकाच पुस्तकाची अनेक वाचनं असतील तर 'सोलो' असा शेरा असलेलं निवडा. सामूहिक वाचनात प्रकरणागणिक आवाज, उच्चार आणि ध्वनीची पातळी बदलते. 64 केबीपीएसची फाइल तासाला सुमारे 29 एमबी जागा घेते. दहा तासांचं पुस्तक 300 एमबीच्या आत बसतं, तेव्हा वाय-फाय असेल तिथे आधीच उतरवून ठेवा.