भुताचा सिनेमा, आठ वर्षांचा मुलगा आणि ठरलेली मुंज

‘सिनेमा बघितल्यापासून मुलगा एकटा झोपत नाही. ही भीती आता कायमची बसेल का?’ मुलांच्या भीतीवर काम करताना, दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी संपली की आमच्याकडे पालकांकडून हा प्रश्न हमखास येतो. पुढची हकिकत अशाच काही मुलांच्या अनुभवांवरून जुळवलेली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा तिसरीतला. दिवाळीत चुलत भावंडांबरोबर त्याने टीव्हीवर ‘मुंज्या’ पाहिला. कोकणात घडणारा २०२४ चा हा सिनेमा मोठ्यांना विनोदी वाटतो. मोठी भावंडं हसत होती म्हणून हाही हसला. त्या रात्रीपासून मात्र आईबाबांच्या मध्ये झोपायचं, बाथरूमला जाताना कुणीतरी सोबत हवं, आणि सोसायटीच्या फाटकाजवळच्या पिंपळाखालून जायचंच नाही, असं चार आठवडे चाललं होतं. सिनेमाला यूए प्रमाणपत्र असल्याने मुलांनी बघितला तर हरकत नाही, असं घरच्यांना वाटलं होतं. तसा समज बऱ्याच जणांचा असतो. प्रत्यक्षात या जुन्या यूएचा अर्थ एवढाच होता, की बारा वर्षांखालच्या मुलांना दाखवायचं का हे पालकांनी ठरवावं. २०२३ च्या कायदादुरुस्तीने आता यूएचे ७, १३ आणि १६ वर्षं असे तीन गट केले आहेत. सिनेमा लावण्याआधी तो आकडा जरूर बघा.

घरात दोन तऱ्हा चालू होत्या. बाबा म्हणायचे, ‘खोटं असतं ते सगळं, एवढा मोठा झालास आणि घाबरतोस?’ आई पलंगाखाली, कपाटात, पडद्यामागे बघून ‘कुणी नाहीये’ सांगायची. आधी एकदा, मग रात्रीतून पाच-सहा वेळा. दोघांचाही हेतू चांगलाच होता, पण भीती दोन्हीकडून टिकत होती. बाबांच्या बोलण्याने मुलगा भीती सांगेनासा झाला. आईच्या तपासणीमुळे त्याला वाटायला लागलं की बघितलं म्हणूनच कुणी नव्हतं, न बघता झोपलो तर असेल. आजी झोपताना भीमरूपी म्हणायची, ते आम्ही चालू ठेवायला सांगितलं, मात्र झोपण्यापूर्वी एकदाच. मध्यरात्री मुलाच्या मागणीवरून पुन्हा पुन्हा म्हटलं, की स्तोत्राचीही तपासणीच होते.

पहिल्या भेटीत त्याला कागद आणि खडू दिले आणि जे सगळ्यात जास्त आठवतं ते काढायला सांगितलं. त्याने भूत काढलं नाही. त्याने झाड काढलं आणि झाडाखाली चकोट केलेला, शेंडीवाला मुलगा. ‘हा कोण?’ विचारल्यावर बराच वेळ गप्प बसून म्हणाला, ‘मे महिन्यात माझी मुंज आहे ना.’ मुंज झाली आणि सोडमुंजीच्या आत मुलगा गेला तर तो मुंजा होऊन पिंपळावर राहतो, ही समजूत सिनेमातून आणि भावंडांच्या गप्पांतून त्याच्यापर्यंत पोहोचली होती. त्यातलं ‘गेला तर’ गळून पडलं आणि ‘मुंज झाली की’ तेवढं राहिलं. चार आठवडे घरातलं कुणीही त्याला ‘तुला नेमकं काय होईल असं वाटतं?’ हे विचारलं नव्हतं. आमच्या मते सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न हाच.

यावर उपाय घरच्या अल्बममध्येच होता. बाबा, काका, मामा, आजोबा यांच्या मुंजीचे फोटो काढले. ‘यांच्यातलं कुणी झाडावर गेलं का?’ आठव्या वर्षी असा पुरावा पटतो. पाच वर्षांच्या मुलाला पटत नाही, कारण त्या वयात जे भेसूर दिसतं ते घातकच वाटतं. तिथे समजावण्यापेक्षा जवळ घेणं, पाणी देणं, रोजच्या खेळात गुंतवणं जास्त लागू पडतं.

विचार सुटला तरी अंगात भरलेली भीती लगेच जात नाही. त्यासाठी पायऱ्या लागतात. ० ते १० अशी भीतीची पट्टी मुलानेच भरायची. सुरुवात त्याच्याच चित्रापासून केली. मग दिवसाउजेडी मोबाइलवर सिनेमातलं एक स्थिर चित्र, मग तीस सेकंदांची दृश्यं आवाज पूर्ण बंद ठेवून. अर्धी भीती पार्श्वसंगीतात असते, म्हणून आवाज शेवटी. मोबाइल मुलाच्या हातात, थांबवायचं बटण त्याच्याच ताब्यात. ते पात्र संगणकावर तयार केलेलं आहे हे याच टप्प्यावर दाखवलं. रोज पंधरा-वीस मिनिटं, आणि आकडा निम्म्यावर आल्याशिवाय थांबायचं नाही. आकडा नऊवर असताना मोबाइल बंद केला, तर पळालो म्हणून वाचलो एवढंच मूल शिकतं.

झोपेसाठी खुर्ची. पहिल्या तीन रात्री आई त्याच्या गादीशेजारी खुर्चीत बसली, मग दर दोन-तीन रात्रींनी खुर्ची हातभर दाराकडे सरकली. एकाच खोलीत सगळे झोपत असाल तर वेगळ्या खोलीचा आग्रह नको, स्वतःची गादी आणि स्वतःचं पांघरूण एवढं पुरे. झिरोचा दिवा राहू द्या. बाथरूमला जाताना आधी दारापर्यंत सोबत, नंतर हॉलच्या मध्यापर्यंत, नंतर अंथरुणातूनच नुसती हाक.

दुसऱ्या आठवड्यात गाडी अडली. चुलत भावाने अंधारात घोगरा आवाज काढला आणि आकडा दोनवरून परत नऊवर गेला. असं झालं की मागची पायरी दोन दिवस पुन्हा करायची, सुरुवातीपासून नाही. भावालाही समोर बसवून स्पष्ट सांगावं लागलं. अचानक घाबरवून भीती मोडते हा समज चुकीचा आहे, त्याने विश्वास तेवढा मोडतो.

कायमची बसेल का, याचं उत्तर: बहुतेकांची बसत नाही. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या अभ्यासात सुमारे नव्वद टक्क्यांना पडद्यावरची एखादी भीती आठवत होती, पण तिचा त्रास अजून होतो म्हणणारे साधारण चौथाई होते. या चौथाईतलं आपलं मूल असू नये म्हणून भीती लहान असतानाच हात घालायचा.

एक फरक ओळखा. वाईट स्वप्न सहसा पहाटेकडे पडतं, मूल जागं होतं आणि ते सांगू शकतं. दिवसा त्या स्वप्नाचा शेवट बदलून चित्र काढायला लावा. झोप लागल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत मूल किंचाळून उठतं, ओळखत नाही, सकाळी काही आठवत नाही, तर तो प्रकार वेगळा. तेव्हा हलवून जागं करू नका, लागणार नाही एवढं बघा.

महिना उलटूनही शाळा टाळणं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, जेवण तुटणं, दिवसाही घाबरणं चालू असेल, किंवा मूल सिनेमाचं नाव घेऊन प्रत्यक्षातल्या एखाद्या माणसाला घाबरतंय अशी शंका आली, तर घरगुती पायऱ्यांवर थांबू नका. बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतूनही चोवीस तास बोलता येतं.